पाणी मागायची तयारी



वैशाखाचं ऊन अंगात शिरू लागलं, की आमच्या ओट्यावर संध्याकाळी माणसं येऊन बसतात. कुणी शेतकरी, कुणी दुकानदार, कुणी माझाच जुना विद्यार्थी. पिकापाण्याचं, लग्नकार्याचं बोलणं होतं आणि मग हळूच प्रश्न येतो, "मास्तर, यंदा वारीले जाईन म्हन्तो. काय काय तयारी करू?"

मी खामगाव तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवलं आणि निवृत्त झालो. नोकरीत असताना आणि नंतर मिळून आठ वेळा पायी पंढरपूर केलं. त्यामुळे लोकांना वाटतं, याच्याजवळ तयारीची यादी असणार. यादी आहेच, ती आज सांगतो. पण त्या यादीतली शेवटची गोष्ट मला फार उशिरा कळली, आणि तीही रस्त्याच्या कडेला उताणा पडल्यावर. म्हणून आजचं हे बोलणं.

आधी थोडं आमच्या वारीविषयी. वारी म्हटलं की पुण्या-मुंबईकडच्या माणसाच्या डोळ्यांसमोर आळंदी-देहूच्या पालख्या येतात. पावसाची भुरभुर, हिरवा दिवेघाट, डोक्यावर प्लास्टिकचे कागद घेतलेले वारकरी. आमच्या बुलढाणा जिल्ह्याची वारी अशी सुरू होत नाही. शेगावहून श्रीसंत गजानन महाराजांची पालखी १९६८ पासून आषाढीला पायी पंढरपूरला जाते. २०२० आणि २०२१ या कोरोनाच्या दोन वर्षांत तेवढा खंड पडला. अंतर सातशे ते साडेसातशे किलोमीटर, दिवस साधारण ३३. अकोला, पातूर, रिसोड, परभणी, गंगाखेड, परळी, अंबाजोगाई, धाराशिव, तुळजापूर, सोलापूर, मंगळवेढा असा हा मार्ग. वाटेतले मुक्काम सोडले, तर रोजची चाल २०-२५ किलोमीटरची. पालखीच्या मागे-पुढे गावोगावच्या लहान दिंड्याही आपापल्या सोयीने याच रस्त्याला लागतात. माझ्या साऱ्या वाऱ्या अशाच एका लहान दिंडीतून झाल्या. पंचवीस-तीस माणसं, एक विणा, एक मृदंग आणि सामानाला एक टेम्पो.

आषाढीच्या महिनाभर आधी निघायचं म्हणजे ज्येष्ठ महिना आला. ज्येष्ठ कधी येईल, ते पंचांग ठरवतं. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा ११ दिवसांनी लहान, म्हणून तिथी दरवर्षी मागे सरकतात आणि अधिक महिना आला की पुन्हा पुढे जातात. २०२३ साली पालखी २६ मे रोजी निघाली. रोहिणी नक्षत्र नुकतंच लागलेलं. पुढच्या वर्षी, २०२४ ला, ती १३ जूनला निघाली, म्हणजे मृग लागल्यावर. आमच्याकडे या दोन तारखांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. मेअखेरीस घाटाखालच्या आमच्या मुलखात पारा ४४-४५ अंशांवर असतो. दुपारी दोन वाजता डांबरी रस्ता इतका तापतो, की चप्पल तुटली तर माणूस नाचायलाच लागेल. म्हणून ओट्यावरच्या माणसाला मी पहिलं सांगतो, "बापू, आधी पंचांग पाहा. यंदा रोहिणीत निघायचं की मृगात, ते कळू दे. मग तयारीला लाग."

आता यादी.

पहिली तयारी शेताची. हे ऐकून शहरातल्या श्रोत्यांना नवल वाटेल. पण आमचा वारकरी घर सोडतो, तो नेमका पेरणीच्या तोंडावर. कपाशी, सोयाबीन, तूर, सगळ्याचा हंगाम तोच. नांगरणी-वखरणी झालेली हवी, बियाणं-खत घरात पडलेलं हवं, आणि पाऊस पडला की तिफण कोण धरणार हे ठरलेलं हवं. मागे राहणारी बायको, भाऊ नाहीतर मुलगा मनापासून "जा" म्हणाला पाहिजे. तो तसं म्हणाला नसेल, तर परभणीच्या अलीकडेच आभाळ दाटून येतं आणि पाय पुढे पडत नाहीत. असे अर्ध्या वाटेवरून एसटीत बसलेले वारकरी मी पाहिले आहेत.

दुसरी तयारी पायांची. निघण्याआधी किमान सहा आठवडे चालायला लागावं. पहिल्या आठवड्यात रोज चार-पाच किलोमीटर, मग वाढवत वाढवत आठवड्यातून एकदा तरी २० किलोमीटर. नवी चप्पल किंवा नवे बूट घालून वारीला कधी निघू नये. दोन महिने पायांत मुरलेलं पायताणच बरोबर घ्यावं. बूट असतील तर सुती मोजे दोन-तीन जोड, रोज धुऊन वाळवलेले. रात्री पाय धुऊन कोरडे करावेत, बोटांच्या बेचक्यांत खोबरेल तेल चोळावं. फोड आला तर सुई-दोऱ्याने फोडत बसू नये. फोडाची कातडी हीच खालच्या जखमेची पट्टी असते. साखरेचा आजार असलेल्यांनी तर रोज तळपाय आरशात पाहावा. त्यांना काटा रुतलेला कळतही नाही.

तिसरी तयारी उन्हाची. आपलं शरीर उन्हाला सरावतं, पण एका दिवसात नाही. त्याला दहा-चौदा दिवस लागतात. त्या काळात घाम लवकर सुटू लागतो, त्यातलं मीठ कमी जातं आणि हृदयावरचा ताण उतरतो. दिवसभर कूलरपुढे बसणारा माणूस एकदम वारीला निघाला तर त्याचं शरीर गडबडतं. शेतात राबणाऱ्याचं तितकं गडबडत नाही. म्हणून निघण्याआधी दोन आठवडे रोज तासभर तरी उन्हात हिंडावं. सकाळी नऊ-दहाचं ऊन पुरे, भर दुपारचं नको. कपडे पांढरे, सुती, सैल. डोक्याला टोपी आणि वर ओला दुपट्टा. चाल पहाटे तीन-चारला सुरू करावी, अकराच्या आत सावली गाठावी, आणि ऊन कलल्यावर पुन्हा निघावं.

चौथी तयारी पडशीची. जितकी हलकी तितकी बरी. दोन जोड कपडे, पांघरायला चादर, टाळ, विजेरी, औषधं, फुटाणे, गूळ-शेंगदाणे. एका चिठ्ठीवर आपलं नाव, गाव, घरचा फोन, रक्तगट आणि चालू औषधं लिहून ती प्लास्टिकमध्ये घालून खिशात ठेवावी. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी वाढते. उन्हात त्या घ्यायच्या की नाहीत, किती घ्यायच्या, हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारावं. आपल्या मनाने त्या बंदही करू नयेत.

इथवरची यादी मला पहिल्या वारीच्या आधीपासून पाठ होती. विज्ञानाचा मास्तर होतो ना! सहावीच्या पोरांना घाम का येतो, त्याने शरीर कसं थंड होतं, हे फळ्यावर आकृती काढून शिकवत होतो. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणून पुढच्या थोड्याच दिवसांची रजा टाकून २००९ साली मी पहिल्यांदा निघालो. त्या वर्षी पाऊस लांबला होता. जूनचा पहिला आठवडा, आणि आभाळात ढगाचं नाव नाही.

तयारी चोख होती. दोन लिटरची बाटली खांद्याला, खिशात लिंबू, कांदा, साखर-मिठाच्या पुड्या. दिंडीत माझ्याइतका जय्यत कुणी नव्हता आणि त्याचा मला थोडा ताठाही होता. वाटेवर गावोगावचे लोक माठ, रांजण घेऊन उभे असतात. "घ्या माउली, पाणी घ्या," म्हणतात. मी हात जोडून पुढे जायचो. आपलं आपण आणलेलं आहे, दुसऱ्याचं कशाला घ्यायचं? लहानपणापासूनची सवय. वडील गेल्यावर आईने मजुरी करून आम्हाला वाढवलं. कुणापुढे हात पसरायचा नाही, हे तिने मनावर असं कोरलं होतं, की शेजारच्या घरी साधं पाणी मागायचंही जिवावर येई.

त्यात आली ज्येष्ठ शुद्ध एकादशी. हिलाच निर्जला एकादशी म्हणतात. शेगावहून निघाल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी ही तिथी येते. दिंडीतल्या काही जुन्या मंडळींचा रात्रीच विचार झाला होता, की उपास करू पण पाणी पिऊ. आमचे विणेकरी ऐंशीच्या घरातले. सगळे त्यांना आबा म्हणत. आबांनी मला मुद्दाम सांगितलं, "मास्तर, उद्या पानी सोडू नका." मी बरं म्हणालो, आणि मनात निश्चय केला, की पहिलीच वारी आहे, एकादशी कडक करायची. बाटली टेम्पोत ठेवून दिली.

अकोला मागे पडलं होतं, पातूरकडचा रस्ता. वाडेगावचा हा भाग लिंबांसाठी प्रसिद्ध आहे. दोन्ही बाजूंना लिंबांच्या बागा आणि मधून मी, कोरड्या तोंडाने. दहा वाजेपर्यंत काही वाटलं नाही. अकराच्या सुमारास टाळ एका लयीत वाजेना. पोटऱ्यांत गोळे आले. मग डोकं ठणकू लागलं, आणि एक गोष्ट मला स्पष्ट आठवते, की घाम थांबला. मनगटाकडे पाहिलं, कातडी कोरडी खडखडीत. मनातला मास्तर म्हणाला, हे वाईट लक्षण आहे. पण त्याच मनाने उत्तर दिलं, अजून थोडंच तर आहे, सावलीला बसू. दिंडीपासून मी मागे पडलो होतो. पुढचं मला आठवत नाही.

शुद्धीवर आलो तेव्हा एका निंबाखाली होतो, अंगावरचा सदरा चिंब ओला. एक बाई उपरण्याने वारा घालत होती. शेजारी तिचा गुंड आडवा पडला होता, रिकामा. तिने तो माझ्या अंगावर उपडा केला होता. आबा उशाशी बसले होते. बाईने आता घरातून गडव्यात पाणी आणलं आणि माझ्यापुढे धरलं. मी मान हलवली. एकादशी, असं काहीतरी पुटपुटलो. ती रागावली नाही, हसलीही नाही. म्हणाली, "पानी हाय भाऊ, जहर नोहे. घ्या."

मी प्यालो. नंतर आबांकडून कळलं, की तिच्या वस्तीवर तेव्हा दिवसाआड टँकर येत होता. जो गुंड तिने माझ्यावर रिकामा केला, त्यात तिच्या घरचं दुपारचं पाणी होतं. तिने ते स्वतः मला सांगितलं नाही.

दवाखान्यात सलाईन लागलं. डॉक्टर म्हणाले, आणखी अर्धा तास तसेच पडून राहिला असता तर सांगता येत नव्हतं. दोन दिवस मी टेम्पोतून गेलो. खाली मान घालून बसलो होतो, तेव्हा आबा जवळ येऊन बसले. ते काही बोलतील, रागावतील असं वाटलं. ते एवढंच म्हणाले, "मास्तर, भास्कर पाटलाची गोष्ट तुमाले ठाऊक हाय ना?"

ठाऊक कशी नसेल! आमच्याकडे पोराटोरांना ती ठाऊक असते. दासगणू महाराजांच्या 'श्रीगजाननविजय' ग्रंथात ती आली आहे. भर उन्हाळ्यात अकोली गावच्या शिवारात गजानन महाराज तहानलेले आले. भास्कर पाटील शेतात काम करत होता. महाराजांनी पाणी मागितलं. भास्करने स्वतःसाठी डोक्यावरून वाहून आणलेलं पाणी द्यायचं नाकारलं, धट्टाकट्टा माणूस फुकट पाणी मागतो म्हणून बोलही लावले. जवळ एक कोरडी विहीर होती. महाराज तिच्याकडे गेले आणि विहिरीला पाणी आलं, अशी ती कथा. पुढे तोच भास्कर महाराजांचा मोठा भक्त झाला.

ही कथा आम्ही नेहमी एका अंगाने सांगतो. विहिरीला पाणी आलं, हा चमत्कार. किंवा तहानलेल्याला नाही म्हणू नये, हा बोध. आबा त्या दिवशी दुसरंच बोलले. "महाराजांनी अगोदर मांगतलं, मास्तर. विहीर नंतर भरली." एवढं बोलून ते विणा घेऊन उठले.

मी विज्ञानाचा माणूस. कोरड्या विहिरीचं काय ते ज्याने त्याने ठरवावं. पण आबांचं बोलणं माझ्या मनातून गेलं नाही. ज्याला काही कमी नाही असं आपण मानतो, तो उन्हात उभा राहून एका अनोळखी शेतकऱ्याकडे पाणी मागतो आणि बोलणी खातो. मी मात्र कुणी आपण होऊन देत असताना हात जोडून पुढे जात होतो. त्याला मी स्वाभिमान म्हणत होतो.

आमच्या मुलखात पाणी देणं ही साधी गोष्ट नाही, हेही इथे सांगायला हवं. शेगाव, नांदुरा, संग्रामपूर, जळगाव जामोद हा पूर्णा नदीकाठचा भाग खारपाणपट्ट्यात येतो. जमिनीखाली पाणी आहे, पण खारं. विहिरीत डोकावलं तर पाणी चमकतं आणि पिता येत नाही. इथल्या बायाबापड्यांनी पिढ्यान् पिढ्या गोडं पाणी लांबून वाहून आणलं. असा माणूस रस्त्यावर रांजण भरून ठेवतो आणि आल्यागेल्याला घ्या म्हणतो, तेव्हा तो त्याच्याजवळची सगळ्यांत महाग वस्तू देत असतो. ती नाकारून आपण त्याचं पाणी वाचवत नाही. त्याचा हात तसाच हवेत ठेवून पुढे जातो.

म्हणून माझ्या यादीत आता पाचवी तयारी आहे, आणि ती मी सगळ्यांत आधी करून घेतो. पाणी मागायची तयारी. ओट्यावर आलेल्या माणसाला मी सांगतो, की उद्यापासून सकाळी चालायला जाशील तेव्हा बाटली नेऊ नकोस. जवळच्या वस्तीवर जा, ओळख नसलेल्या घरासमोर थांब आणि म्हण, "माय, घोटभर पाणी देता का?" पहिल्या दिवशी माणसं लाजतात. मोठे बागाईतदार तर जास्तच लाजतात. एकाने मला सरळ सांगितलं, "मास्तर, वीस कोस चाल म्हना, पन हे नका सांगू." मी म्हटलं, तुला हेच अवघड जातंय ना, मग याचाच सराव कर. कारण उन्हात माणूस पडतो तो बहुतेक वेळा पाणी नव्हतं म्हणून पडत नाही. थांबा, मला बरं वाटत नाही, हे शेजारच्याला म्हणायला तो लाजतो म्हणून पडतो.

प्रत्यक्ष वारीत मात्र बाटली हवीच आणि पाण्याचा नेम हवा. तहान लागायची वाट पाहू नये. दर पंधरा-वीस मिनिटांनी अर्धा पेला प्यावं. उन्हात चालताना तासाला लिटरभर घाम सहज जातो आणि घामाबरोबर मीठही जातं, म्हणून नुसतं पाणी पीत राहणंही बरं नाही. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण पाठ करून ठेवावं. वर लिंबू पिळलं तर उत्तम. ताक, पन्हं, कांदा-भाकर हे आपलं जुनं आहेच. लघवी गडद पिवळी होऊ लागली, की पाणी कमी पडतंय असं समजावं.

जोडीदार ठरवून घ्यावा. त्याने आपल्याकडे आणि आपण त्याच्याकडे लक्ष ठेवायचं. कुणी अडखळू लागला, असंबद्ध बोलू लागला, अंग तापून घाम थांबला, तर तो उष्माघात समजावा. त्याला लगेच सावलीत न्यावं, कपडे सैल करून अंगावर पाणी ओतावं, वारा घालावा, मान, काखा आणि जांघा ओल्या फडक्याने गार कराव्यात. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. २००९ साली नव्हता, पण आता १०८ हा क्रमांक आहे. तो ताबडतोब फिरवावा.

आणि निर्जला एकादशी? पुढच्या सात वाऱ्यांत मी ती केली नाही. उपास केला, फराळ केला, पाणी प्यालो. कुणी विचारलं तर सांगतो, ज्याला घरी सावलीत बसून करायची असेल त्याने अवश्य करावी. आमच्या आबांनी ती वारीत कधी केली नाही, आणि त्यांची वारी कुणी कमी म्हटली नाही.

त्या बाईला मी पुढच्या वर्षी शोधलं. वस्ती सापडली, निंब सापडला, तीही सापडली. तिला मी आठवतही नव्हतो. "लय जन पडतात भाऊ, कोनाकोनाले याद ठेवू?" म्हणाली. मी एक नवा गुंड नेला होता. तो घेताना ती जरा अवघडली. तेव्हा मीच म्हणालो, "घ्या न माय, गुंड हाय, जहर नोहे." मग हसली आणि घेतला.

आता माझे गुडघे गेले. मागच्या तपासणीत डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढला आणि सातशे किलोमीटर विसरा म्हणाले. दोन दिवस वाईट वाटलं. पण आषाढी झाली की पालखी पायीच परतते, आणि शेवटची मजल खामगाव ते शेगाव अशी १६-१७ किलोमीटरची असते. त्या दिवशी सगळा रस्ता माणसांनी भरून जातो. डॉक्टरांना मी तेवढ्याची परवानगी मागितली. ते म्हणाले, निम्मं चाला आणि बरोबर कुणाला तरी घ्या. नातू येतो म्हणालाय.

त्याची तयारी सुरू केली आहे. रोज पहाटे आम्ही दोघं दोन-तीन किलोमीटर जातो. परवा त्याला तहान लागली तर म्हणाला, "आजोबा, घरी जाऊन पिऊ." मी त्याला रस्त्याकडेच्या घरासमोर उभं केलं आणि म्हटलं, माग. तो माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. मग खूप वेळाने, अगदी बारीक आवाजात, त्याने पाणी मागितलं.

आतून एक म्हातारी गडवा घेऊन आली.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)